खोडदची शांतता : अवकाशविज्ञानातील सहकार्याचे एक महाराष्ट्रीय प्रकरण

पुणे आणि नाशिक ही दोन शहरे नव्या जलद रेल्वेने जोडावीत आणि ती रेल्वे चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशा सरळ मार्गाने न्यावी, अशी सुमारे २३५ किलोमीटर लांबीची योजना काही वर्षांपूर्वी आखण्यात आली होती. २०२५ सालापर्यंत केंद्रीय रेल्वे मंत्रालयाने हा मार्ग बाजूस ठेवला आणि नाशिकहून शिर्डी, तेथून अहिल्यानगर व पुढे पुणे असा वळसा पत्करला. त्याचे जे कारण सांगण्यात आले, ते रेल्वेच्या इतिहासात विरळाच आढळेल. घाट कठीण आहे, नदी आडवी येते, जमीन मिळत नाही, यांपैकी ते काहीही नव्हते. नारायणगावाजवळ खोडद येथे एक रेडिओ दुर्बीण आहे आणि रेल्वेमुळे तिच्या कामात व्यत्यय येईल, असे ते कारण होते. शिर्डीस २००९ पासून पुणतांब्याहून फुटणारा एक लहानसा फाटा तेवढा होता. आता ते गाव एका प्रमुख मार्गावर येण्याची चिन्हे आहेत. उलटपक्षी संगमनेर, जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत निराशा पसरली, आणि मूळ मार्गाची मागणी तेथील लोकांनी सोडलेली नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय रेल्वे नव्हे. परंतु ज्या दुर्बिणीपुढे एका राष्ट्रीय प्रकल्पास वाट बदलावी लागली, ती आली कोठून, ती कोणाच्या उपयोगाची आहे आणि तिला एवढी शांतता कशासाठी लागते, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगे खास आहेत. त्यांची उत्तरे शोधू जाता अवकाशविज्ञानातील आंतरराष्ट्रीय सहकार्याचा, फारसा न सांगितला गेलेला असा एक धागा हाती लागतो.

या सहकार्याचा इतिहास सामान्यतः करारांच्या व अग्निबाणांच्या अंगाने लिहिला जातो. १९५७-५८ चे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष, १९६७ चा बाह्य अवकाशाविषयीचा करार, आणि आपल्याकडे २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून उडालेला पहिला अग्निबाण, हे त्याचे ठरलेले टप्पे होत. थुंब्याच्या कथेत अग्निबाण अमेरिकेचा व त्यातील सोडियम वाफेचा प्रयोग फ्रान्सचा होता. सोव्हिएत रशियानेही त्या केंद्रास साहाय्य केले. त्या केंद्राच्या उभारणीत एकनाथ वसंत चिटणीस आणि प्रमोद काळे या दोघा मराठी शास्त्रज्ञांचा वाटा मोठा होता. ती कथा वाचकांस परिचित असल्यामुळे तिचा विस्तार येथे करीत नाही. खोडदची कथा तिच्याहून निराळ्या प्रकारची आहे. तिचा आरंभ करारापासून नव्हे, तर मोडीत निघालेल्या सामानापासून होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर रडारचे तंत्र हाती असलेल्या ज्या तरुण अभियंत्यांनी आपली यंत्रे आकाशाकडे वळविली, त्यांत सिडनीचा गट अग्रेसर होता. १९५२ साली त्या शहरी रेडिओ विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संघाचे अधिवेशन भरले. त्यास दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक सर के. एस. कृष्णन उपस्थित होते. तेथे पाहिलेल्या कामाने ते इतके प्रभावित झाले की, कोलंबो योजनेखाली दोन तरुणांस तेथे शिकावयास धाडण्याची व्यवस्था त्यांनी केली. १९५३ मध्ये गोविंद स्वरूप आणि आर. पार्थसारथी सिडनीस गेले. कोलंबो योजना ही राष्ट्रकुलाची, दक्षिण व आग्नेय आशियाच्या आर्थिक विकासासाठी निघालेली योजना होती. आकाशातील रेडिओ लहरींचा तिच्या जनकांनी विचारही केला नसावा. शास्त्रीय सहकार्य पुष्कळदा दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या रस्त्याने प्रवास करते, याचे हे एक उदाहरण होय.

सिडनीजवळ पॉट्स हिल येथे विल्बर ख्रिश्चनसेन यांनी ३२ लहान तबकड्या एका सरळ रेषेत मांडून सूर्याचे निरीक्षण करणारे यंत्र उभारले होते. प्रत्येक तबकडीचा व्यास सहा फुटांचा. एकेकटी तबकडी तशी अंधच. परंतु बत्तीस जणींनी टिपलेल्या लहरी एकत्र आणल्या की सूर्यबिंबाचे बारीक भाग वेगळे ओळखता येतात. अनेक लहान यंत्रे जोडून एका मोठ्या यंत्राचे काम साधावयाचे, हे तत्त्व पुढे स्वरूप यांच्या साऱ्या आयुष्यास पुरले. त्यांनी व पार्थसारथींनी हे यंत्र नव्या कंप्रतेसाठी बदलून घेतले आणि त्यावर निरीक्षणे केली. ख्रिश्चनसेन त्या सुमारास फ्लर्स येथे अधिक मोठ्या यंत्राच्या तयारीत होते. साहजिकच पॉट्स हिलच्या तबकड्या निकामी ठरणार होत्या. त्या भारतास द्याव्यात, अशी विनंती स्वरूप यांनी आपले वरिष्ठ जोसेफ पॉझी यांस केली आणि ती मान्य झाली.

या देणगीचे मोल ठरविताना जपून राहिले पाहिजे. देणाऱ्यास त्यात मोठा त्याग नव्हता. जुने सामान जागेवरून हलणारच होते. तथापि घेणाऱ्याच्या दृष्टीने, परकीय चलनाची चणचण असलेल्या १९५५ सालच्या भारतात, तयार ३२ तबकड्या ही थोडीथोडकी गोष्ट नव्हती. शिवाय त्यांचा उपयोग कसा करावयाचा, हे जाणणारा माणूसही त्यांच्याबरोबर येणार होता. मात्र तबकड्या येण्यास विलंब होत गेला आणि तोवर १९५६ साली तो माणूस अमेरिकेस निघून गेला. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्वरूप यांनी ज्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली, ते रोनाल्ड ब्रेसवेल हेही मूळचे सिडनीच्याच परंपरेतले. तबकड्या दिल्लीस पोचल्या, पण त्यांना जोडणारा हात नव्हता. यंत्रे देता येतात, माणसे मात्र थोपवून धरता येत नाहीत, ही अडचण तेव्हाच्या बहुतेक साहाय्य योजनांस भेडसावीत होती.

१९६१ साली परदेशी काम करणाऱ्या चौघा भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, म्हणजे स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, मायदेशी परत येऊन एकत्र काम करण्याचा प्रस्ताव भारतातील प्रमुख शास्त्रीय संस्थांकडे पाठविला. बार्ट बोक यांच्यासारख्या ज्येष्ठ परदेशी खगोलशास्त्रज्ञांनी त्यास पाठिंबा दिला. सर्वांत तत्पर उत्तर मुंबईहून आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा यांनी १९६२ च्या जानेवारीत तारेने होकार कळविला आणि १९६३ साली स्वरूप मुंबईस रुजू झाले. दिल्लीत पडून असलेल्या तबकड्याही त्याच वर्षी मुंबईच्या संस्थेकडे वर्ग झाल्या.

त्या कल्याणजवळ उभ्या करण्यात आल्या. २४ तबकड्या पूर्व-पश्चिम रेषेत सुमारे ६३० मीटरांवर, तर उरलेल्या ८ दक्षिणोत्तर रेषेत. १९६५ साली ६१० मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतेवर सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. भारतातील ही पहिली रेडिओ दुर्बीण. कल्याणचा इतिहास लिहिताना सातवाहनकाळचे बंदर येते, शिवकालीन आरमार येते, पण ऑस्ट्रेलियातून आलेल्या या ३२ तबकड्यांची नोंद सहसा येत नाही, हे आम्हांस थोडे नवलाचे वाटते.

कल्याणात हात बसल्यावर या गटाने १९७० साली निलगिरीत उटकमंडजवळ ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी स्वतःच्या कल्पनेची दुर्बीण बांधली. डोंगराचा उतार त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढाच, म्हणजे सुमारे ११ अंशांचा, शोधून काढल्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एकाच फिरण्याने तारा तासन्‌तास धरून ठेवता येऊ लागला. परदेशी यंत्राच्या नकलेने हे साधले नसते.

यानंतरचा प्रसंग अयशस्वी ठरला, म्हणूनच तो थोडा सविस्तर सांगितला पाहिजे. उटकमंडची युक्ती विषुववृत्तावर नेली तर डोंगराची गरजच उरत नाही. सपाट जमिनीवर हवी तितकी लांब दुर्बीण आडवी टाकता येते. हे हेरून स्वरूप यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात केनिया अथवा इंडोनेशिया येथे दोन किलोमीटर लांबीच्या दुर्बिणीची योजना मांडली. विकसनशील देशांनी मिळून ती बांधावी, मिळून चालवावी आणि तिच्याभोवती अवकाशविज्ञान व इलेक्ट्रॉनिकी यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहावी, असा त्यांचा संकल्प होता. युनेस्कोने त्यास अनुकूलता दाखविली. परंतु योजना कागदावरच राहिली. सिडनी व दिल्ली यांच्यामधल्या व्यवहारात एकीकडे तयार यंत्र व दुसरीकडे तयार माणूस होता. येथे अनेक सरकारांनी एकाच वेळी पैसा, जागा आणि विश्वास पुरवावयाचा होता. गरीब देशांच्या परस्पर सहकार्याविषयी त्या काळी भाषणे उदंड झाली, पण त्या सहकार्यातून उभी राहिलेली मोठी शास्त्रीय यंत्रे शोधू गेल्यास हात रिकामाच राहतो. ही योजना सिद्धीस गेली असती तर खोडदची दुर्बीण कदाचित झालीच नसती.

विषुववृत्ताची आशा मावळल्यावर १९८४ च्या सुमारास नवी कल्पना पुढे आली आणि १९८७ मध्ये तीस मान्यता मिळाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ खोडदजवळ एका चौरस किलोमीटरच्या आत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांस पसरलेल्या, अशी ही रचना. दूरच्या टोकांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वाऱ्याचा दाब पेलण्यासाठीच अवाढव्य पोलाद लागले असते. म्हणून पोलादी दोरांच्या ताणावर, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी पसरण्यात आली. वारा जाळीतून निघून जातो. मीटरभर लांबीची रेडिओ लहर मात्र त्या जाळीस आरसाच समजते. अनेक डोळ्यांचा एक डोळा करण्याचे पॉट्स हिलचे तत्त्व येथे पूर्णत्वास गेले. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ही ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ राष्ट्रास अर्पण झाली.

जागेची निवड हा या साऱ्या कथेचा गाभा आहे. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवरचा हा भाग विद्यापीठाच्या शहरास जवळ, दक्षिण आकाशाचाही मोठा भाग दिसेल इतका दक्षिणेस, चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसा उत्तरेस, आणि मुख्य म्हणजे डोंगरांनी वेढलेला व रेडिओच्या दृष्टीने शांत होता. याच परिसरात आर्वी येथे उपग्रहांशी संपर्क साधणारे विक्रम भूकेंद्र १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांतच सुरू झाले होते. रेडिओच्या दृष्टीने शांत म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे, कारण कानास येणाऱ्या आवाजाशी त्याचा काही संबंध नाही. खगोलीय स्रोतांपासून पोचणारी रेडिओ ऊर्जा इतकी क्षीण असते की, चंद्रावर नेऊन ठेवलेला एखादा मोबाइल फोनदेखील या आकाशात प्रखर स्रोतांपैकी एक ठरेल. विजेच्या तारांवरील सदोष चिमणीतून उडणारी ठिणगी, दूरचित्रवाणीच्या आकाशकास लावलेला बिघडलेला बूस्टर, विजेवर चालणाऱ्या गाडीचा वरच्या तारेशी होणारा स्पर्श, या सर्वांतून नकळत रेडिओ लहरी निघतात आणि दुर्बीण त्यांनी भरून जाते.

अशी शांतता राखणे हे एकट्या देशाचे काम नव्हे, हे जगाने लवकरच ओळखले होते. १९५९ साली जिनीव्हा येथील परिषदेत कंप्रतांचे वाटप करताना रेडिओ खगोलशास्त्रास प्रथमच स्वतंत्र स्थान देण्यात आले आणि हायड्रोजनची लहर ज्यात येते तो १४०० ते १४२७ मेगॅहर्ट्‌झचा पट्टा राखून ठेवण्यात आला. ज्या सेवेत कोणी काहीच प्रक्षेपित करीत नाही, केवळ ऐकतो, तिच्यासाठी जागा मोकळी सोडण्यास राष्ट्रे तयार झाली, ही गोष्ट त्या शीतयुद्धाच्या काळात लहान नव्हती. तथापि मीटरभर लांबीच्या लहरींचा बहुतेक भाग त्या संरक्षणाबाहेर राहिला. तेथे भूगोलाचाच आधार, आणि तो भूगोल खोडदपाशी होता.

दुर्बीण भारताने आपल्या पैशाने व आपल्या अभियंत्यांकडून बांधली, पण तिचा वेळ जगास खुला ठेवला. कोणत्याही देशाच्या शास्त्रज्ञाने अर्ज करावा आणि गुणवत्तेवर वेळ मिळवावा, अशी पद्धत पहिल्यापासून आहे. तीसहून अधिक देशांतील शास्त्रज्ञांनी तिचा लाभ घेतला. सिडनीत एका परकीय विद्यार्थ्यास यंत्र हाताळू देण्यात जी वृत्ती होती, तिचीच ही मोठ्या प्रमाणावरील परतफेड म्हणता येईल.

१९ ऑक्टोबर २०१६ ची सायंकाळ या संदर्भात नमूद करण्यासारखी आहे. युरोपीय अवकाश संस्था व रशिया यांच्या संयुक्त मोहिमेतील ‘स्किआपारेल्ली’ नावाचे यान त्या दिवशी मंगळावर उतरावयाचे होते. २००३ च्या डिसेंबरात ‘बीगल-२’ हे यान उतरताना कोणताही संदेश न देता नाहीसे झाले होते आणि त्याचा ठावठिकाणा लागण्यास २०१५ साल उजाडले होते. तसे पुन्हा होऊ नये म्हणून उतरतानाचा संदेश पृथ्वीवरूनही ऐकण्याचे ठरले. यानाचा प्रक्षेपक मंगळाभोवतीच्या उपग्रहाशी बोलण्यापुरता, अगदी थोड्या शक्तीचा. सुमारे ४०१ मेगॅहर्ट्‌झवरील ती कुजबूज साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून ऐकण्यासाठी खोडदची निवड झाली. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या अभियंत्यांनी आपली ग्राहक यंत्रणा तेथे आणून जोडली. युरोपचे यान, अमेरिकेची ग्राहक यंत्रणा आणि जुन्नर तालुक्यातील तबकड्या, असा तो योग होता.

संदेश पृथ्वीवर पोचण्यास जवळजवळ दहा मिनिटे लागत होती. मंगळ पश्चिमेकडे कलला असता खोडदला लहर मिळाली, यान वातावरणात शिरल्याचे आणि हवाई छत्री उघडल्याचे तिच्या कंप्रतेतील बदलांवरून समजले, आणि उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडेसे आधी ती लहर थांबली. पुढील चौकशीत असे आढळले की, छत्री उघडताना बसलेल्या हेलकाव्यांमुळे यानाचे गतिमापक यंत्र क्षणभर भांबावले, संगणकाने आपण जमिनीखाली आहोत असे मानले, छत्री वेळेपूर्वीच सोडून दिली आणि सुमारे पावणेचार किलोमीटर उंचीवरून यान कोसळले. सविस्तर माहिती मातृयानाने नोंदविली होतीच. परंतु काहीतरी बिघडल्याचे पहिले चिन्ह पुण्याहून गेले. अपयशाची नेमकी वेळ कळणे हेही शास्त्रात मोलाचे असते.

त्यानंतरच्या कामांचा उल्लेख थोडक्यात करतो. नियमित स्पंदने देणाऱ्या ताऱ्यांच्या वेळा वर्षानुवर्षे मोजून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा माग काढणाऱ्या युरोपीय गटाबरोबर भारतीय गटाने काम केले आणि २०२३ च्या जूनमध्ये दोघांनी मिळून अशा लहरींचा पुरावा प्रसिद्ध केला. ताऱ्यांमधील विरळ इलेक्ट्रॉनांमुळे स्पंदनांस होणारा विलंब खालच्या कंप्रतांवरच नीट मोजता येतो. ती दुरुस्ती खोडदने पुरविली. २०२४ साली भारत ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे उभ्या राहत असलेल्या ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या आंतरराष्ट्रीय वेधशाळेचा सदस्य झाला. सारी यंत्रणा चालविणारी नियंत्रण प्रणाली हा तीतील भारताचा एक प्रमुख वाटा असून त्यात पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र अग्रभागी आहे. ज्या ऑस्ट्रेलियाहून तबकड्या आल्या, त्याच ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीस आता पुण्याहून नियंत्रण जात आहे.

या हिशेबात एक बाजू सहसा धरली जात नाही. भारताने या सहकार्यात घातलेले भांडवल केवळ पैसा व बुद्धी यांचे नव्हते. एका खोऱ्याची शांतता हेही त्यात होते, आणि ती शांतता खोऱ्यातील लोक पुरवीत आले. तबकड्यांचे तीन हात गावोगावच्या शेतांमधून गेले आहेत. परिसरात उद्योग काढावयाचा तर दुर्बिणीच्या चालकांचे ना-हरकत पत्र लागते. रेल्वे दुसरीकडे गेली ती याच शांततेपायी. दुर्बिणीचा आग्रह शास्त्रीयदृष्ट्या योग्य होता, याविषयी आम्हांस शंका नाही. असे ठिकाण एकदा बिघडले की पुन्हा निर्माण करता येत नाही, आणि रेल्वेस दुसरा मार्ग असू शकतो. परंतु जगाच्या उपयोगी पडणाऱ्या वस्तूचा भार तीनचार तालुक्यांनी उचलावा आणि त्यांना त्याबद्दल रेल्वेऐवजी काय मिळणार, याची चर्चा मात्र कोठेही होऊ नये, हे न्यायाचे दिसत नाही. फेब्रुवारीच्या २८ तारखेस, विज्ञानदिनी, खोडदला हजारो शाळकरी मुले येतात, हे खरे; पण रेल्वेचा प्रश्न त्याने सुटत नाही. दुर्बिणीच्या शास्त्रीय इतिहासाबरोबर या तालुक्यांचाही इतिहास, ग्रामपंचायतींच्या नोंदी व वृद्धांच्या आठवणी हाती आहेत तोवरच, लिहिला गेला पाहिजे.

रेल्वे शिर्डीकडे वळविता येते; डोक्यावरून जाणारे उपग्रह वळविता येत नाहीत. २०१९ पासून अमेरिकेतील एका कंपनीने हजारोंच्या संख्येने सोडलेल्या स्टारलिंक उपग्रहांचे निरीक्षण युरोपातील ‘लोफार’ या रेडिओ दुर्बिणीने केले आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या आतील विद्युत्‌यंत्रणेतून ११० ते १८८ मेगॅहर्ट्‌झ या भागात अनपेक्षित लहरी बाहेर पडतात असे दिसून आले. खोडदचा सर्वांत खालचा पट्टा सुमारे १२५ मेगॅहर्ट्‌झपासून सुरू होतो. भोवतालच्या डोंगरांचा येथे उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने काळोख्या व शांत आकाशाच्या रक्षणासाठी २०२२ साली एक केंद्र स्थापन केले असून त्याच्या दोन यजमानांपैकी एक स्क्वेअर किलोमीटर वेधशाळा आहे, म्हणजे २०२४ पासून तिचा सदस्य या नात्याने भारतही.